‘पिक्चर कसा हाय?’ : मत आधी, आकडा शेवटी

शुक्रवारी रात्री आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो : ‘दहापैकी नऊ. बघाच.’ खाली चार अंगठे आणि दोन ज्वाळा. सोमवारी शेजारच्या मावशी दोन नातवंडांना घेऊन त्याच पिक्चरला जातात आणि मध्यंतरालाच घरी येतात. ‘नऊ कुणी दिलंय गा? पोरं मांडीवर आणि पडद्यावर मुंडकी उडायलेत. मी उठून आलो की!’

नऊ देणारा खोटं बोलला नव्हता. तो मित्रांबरोबर पुढच्या रांगेत शिट्ट्या मारत बसला होता आणि त्याला तो नऊचाच वाटला. फक्त कुणाबरोबर, कुठल्या भाषेत आणि कशासाठी बघितला, यातलं काहीच त्याने सांगितलं नाही.

बेळगावातल्या आमच्या कट्ट्याची सिनेमाची वही माझ्याकडे असते. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ इथले पंधरा-वीस जण, शिवाय खानापूर आणि निपाणीहून येणारे दोघं-तिघं. कुणी काय बघितलं आणि किती गुण दिले, ते मी लिहून घेतो. त्याच त्याच चुका होतात आणि बहुतेकांचं मूळ एकच : लोक आधी आकडा ठरवतात आणि मग त्याला साजेसं मत शोधतात. खालचा क्रम याच्या उलट आहे. क्रम मोडू नका, बाकी सगळं आपल्या सोयीने करा.

१. तिकीट काढण्याआधी

तीन गोष्टी बघून घ्या : भाषा, लांबी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र.

भाषेचं आपल्याकडे जरा विचित्रच असतं. एकच मोठा पिक्चर एकाच आठवड्यात एका खेळाला कन्नड, दुसऱ्याला हिंदी, कधी तेलुगूसुद्धा. ‘कुठल्या भाषेतला बघितलास?’ म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘तोच की रे!’ तो तोच नसतो. डब केलेल्या प्रतीत आवाज दुसऱ्याचा, विनोद दुसऱ्याने लिहिलेला आणि शिवी गाळलेली. तेव्हा भाषा तिकिटावर बघून आधीच लिहून ठेवा.

प्रमाणपत्राकडे तर कुणीच बघत नाही. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे १८ वर्षांवरच्यांसाठी, एवढं माहीत असतं. मधल्या ‘यूए’चे मात्र २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर तीन भाग झाले आहेत : ७+, १३+ आणि १६+. ही पालकांसाठी दिलेली सूचना आहे. ‘यूए १६+’ला लहान पोर घेऊन गेलात तर दारावर अडवणार नाहीत, ठरवायचं तुम्ही. मावशींचा प्रश्न नऊ-दहाने सुटणारा नव्हता, तो या दोन अक्षरांनी आणि पुढच्या आकड्याने सुटला असता.

मग एक ओळ : मी का चाललोय? ‘हिरोसाठी’, ‘घरचे म्हणाले म्हणून’, ‘पाऊस होता आणि लाइट गेली होती’. हसू नका. हिरोसाठी गेलेला माणूस आणि पावसातून आडोशाला गेलेला माणूस एकाच पिक्चरला वेगळे गुण देतात. ही ओळ नंतर आठवून लिहिली तर ती खरी येत नाही, पिक्चर बघून झाल्यावर कारणही बदलतं.

सावधान : ट्रेलर, टीझर, गाणं, मुलाखत, ‘फर्स्ट डे पब्लिक रिव्ह्यू’ हे सगळं पोटात घालून गेलात तर तुमच्या गुणांत निम्मे गुण दुसऱ्याचे असतील.

२. थिएटरात : पिक्चरचा दोष आणि थिएटरचा दोष वेगळा काढा

या टप्प्यावर मी स्वतः सणकून आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या टॉकीजला एक मराठी पिक्चर बघितला. नाव कुणाचंच घेत नाही. जुलैचा महिना, बाहेर बेळगावी पाऊस, वर पत्रा. संवाद लांबून, विहिरीतून आल्यासारखे. गाणी मात्र दणदणीत. वहीत लिहिलं : ‘संवाद पुटपुटल्यासारखे, नटांना उच्चार नाहीत, ४.’ वर कट्ट्यावर भाषणही ठोकलं की आजकालच्या नटांना नाटकाचा सराव राहिला नाही. दोन आठवड्यांनी कोल्हापुरात पाहुण्यांनी तोच पिक्चर दाखवला. प्रत्येक शब्द स्वच्छ! नटांचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या टॉकीजचा पडद्यामागचा मधला स्पीकर बंद किंवा अर्धमेला असणार. हल्लीच्या ध्वनिरचनेत संवाद मुख्यतः त्या मधल्या स्पीकरातून येतात, संगीत मात्र चहूबाजूंनी. मधला गेला की गाणी शाबूत आणि माणसं मुकी. माझ्या त्या ४ वर विश्वास ठेवून कट्ट्यावरचे पाच जण गेलेच नाहीत. त्यांनी ते अजून मला ऐकवायचं सोडलेलं नाही.

तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत या गोष्टी तपासा.

गाणं मोठं आणि बोलणं बारीक असेल तर दोष बहुधा स्पीकरचा. रात्रीच्या प्रसंगात नुसता काळोख दिसत असेल आणि दिवसाचे प्रसंगही मळकट असतील, तर दोष बहुधा प्रोजेक्टरच्या दिव्याचा. दिवस लख्ख आणि रात्रच काळी असेल तर ती दिग्दर्शकाची मर्जी असू शकते. माणसांची डोकी वरून कापली जात असतील किंवा नावं पडद्याबाहेर जात असतील, तर चित्राची चौकट चुकीची लावली आहे. पिक्चर साधारण दोन मापांत येतात, एक रुंद (२.३९ ला १) आणि एक त्याहून उंच (१.८५ ला १). माप बदलायचं राहून गेलं की असा गोंधळ होतो.

दोष दिसला की लगेच उठून डोअरकीपरला सांगा. मध्यंतरापर्यंत थांबू नका आणि ‘मी एकट्यानं कशाला’ म्हणून बसूही नका. सगळ्यांना ते कळत असतं, उठत कुणी नाही. सांगूनही सुधारलं नाही तर वहीत थिएटरचा शेरा वेगळा लिहा आणि पिक्चरच्या आवाजाला किंवा चित्राला गुणच देऊ नका. रिकामी जागा चालते.

मध्यंतराला चहा-भजीच्या रांगेत उभे असताना तिकिटाच्या मागे चार शब्द खरडा. तिकीट मोबाइलवर असेल तर खिशात एक चिठ्ठी ठेवा. वाक्य नको, चारच शब्द. माझ्या एका तिकिटावर आहे : ‘आजी भारी. कोर्ट लांबलं.’ दुसऱ्या दिवशी अख्खं मत लिहायला एवढं पुरलं.

सावधान : स्टेटसला टाकायला पडद्यावरचा प्रसंग मोबाइलने टिपू नका. ‘दहाच सेकंद’ म्हणून सुटका होत नाही. २०२३च्या त्याच दुरुस्तीनुसार थिएटरात अशी नक्कल करणं हा गुन्हा आहे, शिक्षा ३ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत आणि दंड किमान ३ लाख रुपये.

आणखी एक, खास बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी. शेवटची बस गाठायची म्हणून शेवटची दहा मिनिटं सोडून पळणारे आमच्यात दोघे आहेत. पळा, बस महत्त्वाची. पण मग ‘शेवट बघितला नाही’ असं लिहा आणि आकडा देऊ नका. ‘शेवट गंडलाय’ असं लिहिणाऱ्या एका पठ्ठ्याला मी विचारलं, ‘शेवटी काय झालं सांग बघू?’ तर म्हणाला, ‘बसमध्ये दुसऱ्यानं सांगितलं.’

३. बाहेर पडल्यावर अर्धा तास

तोंड बंद ठेवा. सगळ्यात अवघड टप्पा हाच.

पार्किंगमध्ये गाडी काढताना जो पहिला बोलतो त्याचं मत बाकीच्यांचं होतं. तात्या म्हणाले ‘बोअर मारला’, की ज्याला मनातून आवडला होता तोही म्हणतो ‘हां, लांबलाय जरा.’ घरी पोचेपर्यंत चौघांनी मिळून पिक्चर पाडलेला असतो. म्हणून आमचा नियम : कुणाशीही बोलायच्या आधी प्रत्येकाने स्वतःची दोन वाक्यं लिहायची. मग खुशाल भांडा. भांडून मत बदललं तर तेही लिहा, पण पहिली दोन वाक्यं खोडू नका.

आकडा याच रात्री देऊ नका. एक झोप होऊ द्या. रात्रीचा आकडा शेवटच्या मारामारीला किंवा शेवटच्या रडण्याला दिलेला असतो. सकाळी पाणी तापवताना जे आठवतं, ते पिक्चरचं. फार थांबलात तरी पंचाईत : आठवड्याने विचारलं की माणूस नुसतं ‘बरा होता’ म्हणतो. दुसरा दिवस सर्वांत चांगला, तिसऱ्याच्या पुढे जाऊ नका.

४. मत लिहिणं

चार गोष्टी आल्या पाहिजेत : कुठे, कशासाठी, कुठल्या भाषेत बघितला; एक प्रसंग, जो तुम्हाला दिसला तसा; एक तक्रार; आणि कुणाला आवडेल, कुणाला नाही. चार ओळी पुरतात.

आमच्या एका भाच्याने पाठवलेलं पहिलं मत असं होतं : ‘स्टोरी चांगली, ॲक्टिंग जबरदस्त, म्युझिक ओके, सेकंड हाफ स्लो, क्लायमॅक्स बेस्ट. ८.’ हे कुठल्याही पिक्चरला चिकटवा, बसतं. मी त्याला फोन लावला.

‘कुठं बसलं तुझं मन?’

‘ते... बाप पोराच्या फीचे पैसे मोजतो बघ मामा, तिथं. ओली नोट चुलीवर धरून वाळवतो.’

‘आणि कंटाळा कुठं आला?’

‘हिरोईनच्या गावाला गेल्यावर. तीन गाणी ओळीनं.’

‘आईला घेऊन जाशील?’

‘आईला व्हय. धाकट्याला नको, तो झोपला असता.’

मग हेच लिहायला सांगितलं : ‘कन्नड प्रत, रविवारचा खेळ, मित्रांबरोबर. बाप ओली नोट चुलीवर वाळवतो तिथे गळा दाटला. मध्यंतरानंतर नायिकेच्या गावी ओळीने तीन गाणी, तिथे रेंगाळतो. आईवडिलांना न्या, लहान पोरं कंटाळतील.’ ओळी चारच, पण आता हा एकच पिक्चर आहे, दुसरा नाही.

कथा किती सांगायची? पहिल्या अर्ध्या तासात कळतं तेवढीच. ओल्या नोटेचा प्रसंग विसाव्या मिनिटाचा, म्हणून चालला. ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे, सांगत नाही’ हेसुद्धा सांगणंच. वाचणारा मग तीन तास त्या ट्विस्टची वाट बघत बसतो.

तपासणी : पिक्चरचं नाव झाकून तुमचं मत वाचायला द्या. घरातल्या कुणाला तरी कुठल्या पिक्चरबद्दल आहे ते ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर पुन्हा लिहा.

५. ‘आपला’ पिक्चर आणि ‘त्यांचा’ पिक्चर

हा टप्पा पुण्या-मुंबईच्या माणसाला लागणार नाही. आपल्याला लागतो.

मराठी सिनेमा इथे येतो तो मोजक्या खेळांपुरता, कधी दुपारच्या आडवेळेला. गर्दी झाली नाही तर आठवड्याच्या आत उतरतो. त्यामुळे प्रत्येकाच्या मनात धाकधूक असते की वाईट लिहिलं तर लोक जाणार नाहीत आणि पुढचा येणारच नाही. मग पाचच्या पिक्चरला आठ पडतात. भावना मला कळते, मीही दिलेत. पण आठ वाचून गेलेला माणूस फसला की पुढच्या वेळी खऱ्या आठलाही जात नाही, आणि तो पुढचा पिक्चर याच्यापेक्षा चांगला असतो, हे सगळ्यात वाईट.

उलट बाजूही तितकीच खरी. एखाद्या कन्नड पिक्चरला बघायच्या आधीच दोन गुण कापून बसलेले लोक मी पाहिलेत. शाळेत कन्नड शिकलेले, दुकानात दिवसभर कन्नड बोलणारे, आणि पिक्चरच्या बाबतीत मात्र ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं!’

उपाय साधा आहे, दोन रकाने करा. पहिला ‘जावं का?’ आणि दुसरा ‘कसा आहे?’ पहिल्यात बेधडक लिहा : ‘मराठी आहे, इथे लागलाय, जाऊया.’ ते मत प्रामाणिक आहे, त्याला लाजायचं कारण नाही. दुसऱ्यात भाषा विसरून पाच तर पाच.

कन्नड ऐकूनही सगळं कळेलच असं नाही, हेही लिहायला हवं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर ‘कांतारा’ आला तेव्हा आमच्यातले अस्खलित कन्नड बोलणारेही निम्म्या विनोदांना गप्प बसले. त्यातली कन्नड किनारपट्टीची, आपल्या कानाला सवय धारवाडी वळणाची. दोन आठवड्यांनी हिंदी प्रत लागल्यावर काहींना गोष्ट जास्त कळली, पण बोलीची चव गेली. कन्नड बघणाऱ्याने आणि हिंदी बघणाऱ्याने, दोघांनीही ‘कांतारा, ९’ एवढंच लिहिलं. आता त्या दोन नवांचं मी काय करू?

रीमेकलाही हेच लागू. ‘सैराट’ची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ २०१७ मध्ये आली, नायिका तीच रिंकू राजगुरू. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’. मूळ पाहिलेल्याने रीमेकला दिलेले गुण ही तुलना असते, पहिल्यांदाच बघणाऱ्याला तिचा उपयोग नाही. ‘मूळ पाहिलंय’ हे दोन शब्द जोडा, काम झालं.

६. आता आकडा

आकडे बोलण्यातूनच आणा. आपल्या तोंडी शब्द तयार आहेतच, त्यांना घर द्या. आमच्या वहीत असं आहे :

१-२ : डोक्याला ताप, उठून यावंसं वाटलं.
३-४ : टुकार, पण एखादं गाणं किंवा एखादा नट बरा.
५ : टीव्हीवर लागला तर बघीन.
६ : एकदा बघायला हरकत नाही.
७ : पैसे वसूल.
८ : घरच्यांना घेऊन पुन्हा जाईन.
९ : वर्षभर आठवेल.
१० : वहीत आजवर दोनच आहेत, त्यावरूनही अजून भांडण होतं.

कन्नड मित्रांचे गुण लिहिताना घोळ होतो तो ‘परवागिल्ला’चा. शब्दशः ‘हरकत नाही’, म्हणून मी बरेच दिवस तिथे ६ टाकायचो. मग गणपत गल्लीतला आमचा कापडवाला दोस्त हसून म्हणाला, ‘मी परवागिल्ला म्हणालो म्हणजे आवडला की हो!’ त्याचा परवागिल्ला सातचा, दुसऱ्याचा चारचा. तेव्हा शब्दाचं भाषांतर करू नका, वरची यादी दाखवून ‘यातलं कुठलं?’ विचारा. ‘छलो ऐती’ म्हणजे ‘चांगला आहे’, त्याचंही तेच.

स्वतःसाठी तीन खुंट्या ठोका. तुम्ही नीट पाहिलेले तीन पिक्चर : एक ३ चा, एक ६ चा, एक ९ चा. नवा पिक्चर या तिघांत कुठे बसतो एवढंच बघायचं. खुंट्या नसल्या की दिवाळीत सगळ्यांना आठ आणि महिनाअखेरीस सगळ्यांना चार पडतात.

सावधान : मापं एकमेकांत मिसळू नका. पाच ताऱ्यांतले तीन म्हणजे दहातले सहा, इतपत ठीक. पण १ ते १० मध्ये शून्य नसल्याने बरोबर मध्य साडेपाच येतो, पाच नव्हे. आणि ‘रॉटन टोमॅटोज’सारख्या, समीक्षकांची मतं मोजणाऱ्या वेबसाइटवरचे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी ९० गुण नव्हेत. शंभरातल्या ९० समीक्षकांनी अनुकूल लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी तो आकडा ९० होऊ शकतो.

७. सगळ्यांचे गुण एकत्र करताना

सरासरी काढायची घाई नको. वहीतलं एक पान सांगतो. सात जणांचे गुण : ९, ९, ९, ८, ३, २, २. बेरीज ४२, सरासरी ६. म्हणजे आमच्या यादीप्रमाणे ‘एकदा बघायला हरकत नाही’. पण असं म्हणणारा त्या सातांत एकही नव्हता! चौघे वेडे झाले होते आणि तिघे वैतागले होते. क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर ८ येतो, तोही त्या तिघांना गिळून टाकतो.

मग त्या तिघांची मतं काढून वाचली. तिघेही डब केलेली हिंदी प्रत बघून आले होते, चौघांनी मूळ कन्नड पाहिली होती. वहीत शेवटी लिहिलं : ‘मूळ प्रत बघा, चौघे खूष. हिंदीला जाऊ नका, तिघांनी नाक मुरडलं.’ सरासरी लिहिलीच नाही. आधीच्या टप्प्यांतली ती चिकाटी, भाषा लिहा, खेळ लिहा, सोबत कोण ते लिहा, ती याच कामासाठी होती.

सगळे आकडे जवळजवळ असतील, म्हणजे ६, ७, ७, ६, तर सरासरी बिनधास्त लिहा. कितीजणांची ते मात्र कंसात हवं. दोघांची साडेआठ आणि वीस जणांची साडेआठ एक नव्हे. मोबाइलवरचे मोठे आकडे वाचतानाही आधी मतं किती पडलीत ते बघा. पहिल्या दिवशी मत देणारे बहुतेक हिरोचे भक्त किंवा दुसऱ्या हिरोचे भक्त असतात. प्रेक्षकांचे गुण गोळा करणारी ‘आयएमडीबी’सारखी वेबसाइट साधी सरासरी न दाखवता मतांना कमीजास्त वजन देते ते त्याचसाठी, तरी पहिले चार दिवस मी तिकडे बघत नाही.

८. नंतर मत बदललं तर

जुना आकडा खोडू नका, शेजारी तारीख घालून नवा लिहा आणि कुठे बघितला ते जोडा. मोबाइलवर बघून उतरलेले दोन गुण पिक्चरचे असतील किंवा पडद्याच्या मापाचे.

मी ज्याला ४ दिले होते त्या पिक्चरसमोर आज वहीत तीन नोंदी आहेत : ‘४, टॉकीज, आवाज खराब’. ‘७, कोल्हापूर’. आणि त्याखाली मावशींच्या नातीच्या अक्षरात, ‘८, घरी टीव्हीवर, आज्जीबरोबर. आज्जी उठून गेली नाही.’